होडीच्या लाकडाचा दिवा

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा जगात राजे पुष्कळ होते आणि रस्ते थोडे. त्या काळी एका संथ नदीच्या काठी एक गाव होतं. गावातली मंडळी शस्त्र हाती न धरणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची; त्यांना मेनोनाइट म्हणत. नाव उच्चारायला जरा अवघड, पण माणसं अगदी सोपी.

त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांना एका राजाने दरडावून सांगितलं होतं, "तलवार हातात घ्या, नाहीतर राज्यातून चालते व्हा." मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि चालती झाली. एका मोठ्या होडीत त्यांनी गव्हाचं बियाणं घेतलं, करवती आणि रंधे घेतले, लेकरं घेतली. होडी जिथे काठाला लागली तिथेच सगळी उतरली. मग होडी मोडून तिच्याच लाकडांचं त्यांनी पहिलं कोठार उभारलं. त्यात धान्य ठेवलं, त्यातच प्रार्थना केली, त्यातच लग्नं लावली.

गावाच्या रीती साध्या होत्या. कपडे साधे, घरं साधी, खुर्च्या-टेबलांवर वेलबुट्टी नाही. कुणाचं छप्पर उभारायचं असलं की अख्खं गाव हातोड्या घेऊन हजर. आणि सगळ्यांत मोठी रीत ही, की आपल्या तोंडाने आपली स्तुती करायची नाही.

रीत चांगलीच होती. पण बाळांनो, चांगलं दूधसुद्धा फार आटवलं की करपतं. ह्या रीतीचंही तसंच झालं. ज्या बाईच्या पावाच्या वासाने पलीकडच्या काठावरची माणसं नदी पोहून येत, ती म्हणे, "माझा पाव कसला, नुसता कोळसा." ज्याचा आवाज ऐकून गाई चरायच्या थांबत, तो गवई म्हणे, "मी आपला बेडकासारखा ओरडतो." मग सगळ्यांनी आग्रह करायचा, त्याने मान हलवायची, पुन्हा आग्रह, पुन्हा मान, आणि मग एकदाचं गाणं. होता होता गावाचा असा अनुभवच झाला, की जो 'मला येत नाही' म्हणतो, त्यालाच येतं.

ह्या गावात अगाथा नावाची बाई राहत असे. ती लाकडी दिवे करायची. तिच्या दिव्यांवर ना फूल, ना पान. कोठाराच्या सांगाड्यासारखे उभे-आडवे दांडे, एकही खिळा न मारता लाकडी खुंट्यांनी जोडलेले. दांड्यांच्या मध्ये काचेऐवजी लाकडाचे पापुद्रे. हे पापुद्रे ती रंध्याने इतके पातळ काढायची, की त्यांतून ज्योतीचा उजेड मधासारखा गाळून बाहेर यायचा. आत मातीची पणती किंवा मेणबत्ती. तो दिवा घरात लागला की भांडणारी माणसंसुद्धा जरा आवाज खाली आणत.

अगाथाला हे सगळं ठाऊक होतं. पण कुणी दिव्याची तारीफ केली की ती नाक मुरडून म्हणायची, "छे हो, वेडंवाकडं काहीतरी." आणि मग तारीफ करणारा पुढे काय म्हणतो ह्याकडे कान लावून बसायची.

एके वर्षी मंडळींनी ठरवलं, की आता मोठं सभाघर बांधू. जुनं कोठार वाकलं होतं. ते उतरवलं. लाकडं बहुतेक सगळी किडलेली निघाली. होडीच्या एका तुळईचा हातभर तुकडा तेवढा सुकून दगडासारखा टणक राहिला होता. त्याच्या मधोमध एक गोल भोक होतं. पणजोबांच्या पणजोबांनी खुंटीसाठी पाडलेलं, आणि कडेने हात लागून लागून गुळगुळीत झालेलं.

गावचे वडीलधारे होते कॉर्नेलियसबाबा. त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "ह्याचा सभाघरासाठी दिवा करू. होडीने आपल्याला इथवर आणलं, आता आपल्या पोरांना उजेड दाखवू दे."

हे अगाथाने ऐकलं. तिला तो दिवा त्याच क्षणी दिसला. भोक आहे तसंच ठेवायचं, त्यातच मधला खांब बसवायचा, चारी अंगांना कोठारासारखा सांगाडा, वर उतरतं छप्पर. घरी जाऊन तिने पाव कापायच्या फळीच्या मागच्या बाजूला कोळशाने त्याचा आराखडा काढला. कुणी दारात आलं की बाहीने पुसायची, गेलं की पुन्हा काढायची. तिच्या बाहीची रया गेली, पण दिवा मनात पक्का झाला. आयुष्यात एकच दिवा करायला मिळणार असेल तर तो हा, असं तिला वाटायला लागलं. आणि तुकडा तर एकच होता. तो कुणाच्या हातून बिघडला, की दुसरा कुठून आणणार?

नवरा याकोब सगळं बघत होता. तो म्हणाला, "अगाथे, बाबांकडे जा आणि सरळ सांग, मी करते."

"अहो, काहीतरीच काय! आपल्या तोंडाने सांगायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बरं झालं."

"तुम्हाला काही कळत नाही. सभेत विचारतील, मी नाही म्हणेन, मग आग्रह होईल, मग बघू." असं म्हणून ती मनातल्या मनात मांडे खात बसली.

सभेचा दिवस उजाडला. अशा कामासाठी माणूस निवडायची गावाची खास पद्धत होती. बाबा विचारायचे, "कोण करेल?" जे 'मला येत नाही' म्हणतील त्यांनाच उमेदवार धरायचं. प्रत्येकाने आपली एखादी वस्तू पावाच्या टोपलीत टाकायची. मग गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या सारा आजींनी डोळे मिटून त्यातली एक उचलायची. म्हणजे निवड माणसाने केली असं व्हायला नको, देवाने केली असं व्हावं.

बाबांनी विचारलं, "होडीच्या लाकडाचा दिवा कोण करेल?"

अगाथाने नजर खाली घातली आणि गोड आवाजात म्हणाली, "माझ्या हातांना कुठली आलीय एवढी कला!" खुर्च्या करणारा म्हणाला, "मी तर नावाचाच सुतार." दारं-खिडक्या करणाराही तसंच काहीसं पुटपुटला.

तेवढ्यात मागच्या बाकावर हाइन दाढीत अडकलेली मधमाशी सोडवत होता. हा हाइन म्हणजे मधपाळ. मनाने लोणी, अंगाने बैल. मध काढावा तर त्यानेच. पण लाकडाशी त्याचं जन्माचं वाकडं. त्याने एकदा स्टूल केलं होतं. त्यावर बसणारा प्रत्येक जण पडला, म्हणून ते कोंबड्यांना दिलं, तर कोंबड्याही त्यावर बसेनात. त्याची हालचाल पाहून बाबांची नजर नेमकी त्याच्यावर थांबली.

हाइन दचकला. "मी? नाही हो! मला नाही येत! शप्पथ घेत नाही आपण, नाहीतर घेतली असती. मला अजिबात येत नाही!"

सभा भारावून गेली. इतक्या कळकळीने 'येत नाही' असं आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. "काय ही नम्रता!" लोक कुजबुजले. आणि हाइनलाही टोपलीत वस्तू टाकायला लावली.

अगाथाने लाकडी खुंटी टाकली. एकाने खडू टाकला, एकाने दोरीचं माप. हाइनच्या खिशात मेणाचा गोळा होता, तो त्याने टाकला. दिवस उकाड्याचे होते. सारा आजींनी डोळे मिटले, टोपलीत हात घातला, हात बाहेर काढला. तळहाताला मेणाचा गोळा होता. आजींनी हात एकदा झटकला. गोळा हलला नाही.

"देवाने हाइनला निवडलं!" बाबा म्हणाले. सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं. अगाथानेही म्हटलं, पण तिचा सूर त्या दिवशी कुठल्याच सुरात मिसळला नाही.

घरी आल्यावर तिने फळी पुसली नाही, तशीच पालथी घालून ठेवली. याकोब काहीच बोलला नाही. नवऱ्याने अशा वेळी गप्प बसणं म्हणजे बायकोला चार शब्द ऐकवण्यासारखंच असतं. शेवटी तीच म्हणाली, "बोला, काय ते बोला."

"मी कशाला बोलू? मला बोलता येत नाही," याकोब म्हणाला. तिला हसूही आलं आणि रडूही आलं.

काही दिवसांनी तिला राहवेना. ती हाइनच्या अंगणात गेली. हाइन तो तुकडा मांडीवर घेऊन बसला होता, पाहुण्यांचं तान्हं मूल हातात द्यावं आणि आई बाहेर निघून जावी, तसा. भोवती चिरफाळ्या झालेली सरपणाची लाकडं पडली होती. सराव चालला होता म्हणे.

"अगाथाबाई," तो काकुळतीने म्हणाला, "मला खरंच येत नाही हो."

आता खरं तर हीच वेळ होती. अगाथाला ते स्टूल चांगलं आठवत होतं. पण तिला वाटलं, हा आपल्यापेक्षाही नम्र निघाला! ते तिला जरा झोंबलंच. आणि जन्मभराची सवय जिभेवर आधीच येऊन बसलेली. ती म्हणाली, "असं कसं म्हणता हाइनभाऊ? तुमच्यासारखं कुणाला जमणार!"

हाइनने कपाळाला हात लावला. "तुम्हीच सांगा ना, करवत कुठून घालू?"

"अय्या, मला काय कळतंय त्यातलं? पण कुणी जाणकार असता तर म्हणाला असता, भोकाच्या जवळ जाऊ नका. मी आपलं ऐकलेलं सांगते हं."

"कुणाकडून ऐकलंत? त्या माणसालाच बोलवू!"

अगाथा गडबडली. "तो... तो आता आठवत नाही," असं म्हणून ती घाईघाईने घरी निघून आली. वाटभर ती स्वतःवरच चरफडत होती. जे खरं वाटतं ते सोडायचं नाही म्हणून ज्यांच्या पूर्वजांनी घरंदारं सोडली, त्यांच्यातली ती, आणि एका मधपाळाला थाप मारून आली होती.

दिव्याच्या लाकडाला पहिली करवत लावायची ती सगळ्यांच्या देखत, भर उन्हात, अशी रीत होती. त्या दिवशी सभाघराच्या अंगणात गाव जमलं. लांब टेबलांवर पाव, लोणी, आलुबुखारचा मुरंबा मांडला होता. पोरं इकडून तिकडे धावत होती. मधोमध लाकूड कापायची सुताराची घोडी ठेवलेली, तिच्यावर तो तुकडा.

हाइन पुढे आला. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. त्याने खडू घेतला आणि डोळे बारीक करून लाकडावर रेघ ओढली. अगाथा पुढेच उभी होती. तिने रेघ पाहिली. रेघ नेमकी भोकाच्या मधून गेली होती. आणि भोकाच्या कडेला केसासारखी बारीक चीर होती, ती सुताराखेरीज कुणाला दिसली नसती. तिथे करवत लागली असती, तर समुद्रासारख्या नद्या आणि इतक्या पिढ्या ओलांडून आलेलं ते लाकूड वाळक्या सरपणासारखं दुभंगलं असतं.

तिने खुर्च्या करणाऱ्याकडे पाहिलं. त्यालाही चीर दिसली होती. तो आपल्या बुटांकडे बघत होता. दारं करणारा आभाळ बघत होता. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. नम्र लोकांचं गाव, कोण पुढे होणार?

हाइनने करवत उचलली.

"थांबा!" अगाथा ओरडली. "थांबा हाइनभाऊ! मला येतं!"

धावणारी पोरंसुद्धा जागच्या जागी थांबली. 'मला येतं' हे दोन शब्द त्या गावात कुणी चारचौघांत उच्चारल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

अगाथाचे कान लाल झाले होते. पण एकदा तोंडातून निघालं ते निघालं. "मला दिवे करता येतात. चांगले येतात. हे लाकूड कसं कापायचं ते मला ठाऊक आहे, आणि हा दिवा करावा असं मला पहिल्या दिवसापासून फार वाटतंय. नाही म्हणाले तेव्हा खोटं बोलले. हाइनभाऊंच्या अंगणातही खोटंच बोलले. मला माफ करा आणि ती करवत तेवढी खाली ठेवा."

करवत केव्हाच खाली पडली होती. हाइन घोडीच्या शेजारी मटकन बसला आणि हसत हसत रडायला लागला. "सुटलो!" तो म्हणाला. "मी ज्याला त्याला सांगतोय मला येत नाही, तर जो तो माझ्या पाठीवर थोपटतोय! अरे, ज्याला खरंच येत नाही त्याने ह्या गावात म्हणायचं तरी काय?"

कॉर्नेलियसबाबांनी दाढीवरून हात फिरवला. "पण अगाथा, निवड देवाने केली होती."

"देवाने नाही बाबा," अगाथा म्हणाली, "मेणाने केली होती. चिकटलं ते."

सगळे सारा आजींकडे वळले. आजींनी आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. "मलाही वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "झटकूनसुद्धा पाहिला. पण म्हटलं, मला म्हातारीला काय कळतंय!"

आधी बाबांच्या पोटात हसू हललं, मग दाढीत, मग ते मोठ्याने बाहेर पडलं. ते हसले तशी सगळी मंडळी हसली. इतकी हसली, की टेबलावरचे पेले हलले. हसता हसता दारं करणारा म्हणाला, "मग मीही सांगून टाकतो. खुंट्या मला फार सुबक करता येतात." खुर्च्या करणारा म्हणाला, "पॉलिशला माझ्यासारखा हात नाही कुणाचा." हाइन डोळे पुसत म्हणाला, "मेणबत्त्या माझ्या. धूर निघाला तर माझी दाढी कापा!" कुणी म्हणालं, मला वाती येतात, कुणी म्हणालं, मला मोजमाप येतं. एक बाई जरा बिचकत उठली आणि म्हणाली, "मला मुरंबा नाही जमत."

"ठाऊक आहे!" अख्खं गाव एका सुरात म्हणालं. त्या बाईला इतकं हलकं वाटलं, की ती टेबलावरचा आपला मुरंबा स्वतःच उचलून डुकरांना घालून आली.

अगाथाने फळी आणली आणि सगळ्यांना आराखडा दाखवला. तिने भोकाला धक्का न लावता करवत चालवली, भुसा उडाला आणि इतक्या वर्षांच्या लाकडातून डांबराचा आणि नदीचा वास सुटला. म्हातारी माणसं जवळ येऊन तो वास घेऊन गेली. मग कामाला गंमत आली. कुणी खुंट्या केल्या, कुणी घासलं, हाइनने लाकडाला मात्र हात लावला नाही, तो सगळ्यांना मधपाव भरवत फिरला. अगाथाने पापुद्रे काढले. चुकलं तिथे ती 'चुकलं' म्हणाली आणि पुन्हा काढले. साधलं तिथे म्हणाली, "हे बघा, हे छान झालंय!" आणि तिच्या लक्षात आलं, की असं म्हणताना आपल्याला अजिबात गर्व होत नाहीये, नुसता आनंद होतोय. गर्व तर तेव्हा होता, जेव्हा ती नाक मुरडून कान टवकारायची.

सभाघराच्या पहिल्या सभेला दिवा लागला. एवढंसं कोठार, त्याच्या भिंतींमधून मधाच्या रंगाचा उजेड, आणि मधोमध ते जुनं भोक, खांब धरून उभं. पलीकडच्या काठावरून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "एवढा सुंदर दिवा कुणी केला हो?" सगळ्यांनी अगाथाकडे पाहिलं.

"आराखडा माझा," अगाथा म्हणाली. "जोडकाम माझं, खुंट्या त्यांच्या, मेणबत्ती ह्यांची. झालाय ना छान?"

"फारच!" पाहुणा म्हणाला.

"मलाही तसंच वाटतं," असं म्हणून ती गाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि मोकळ्या गळ्याने गायली.

पुढे थंडी सरत आली तेव्हा एके सकाळी बाबा तिच्या दारात आले. "अगाथा, सभाघराला मोठा दरवाजा करायचाय. तू करशील?"

अगाथाने विचार केला. "नाही बाबा. दरवाजे मला जमत नाहीत. माझा दरवाजा पहिल्याच ओलीत फुगतो."

"बरं," बाबा म्हणाले, आणि काठी टेकत टेकत दारं करणाऱ्याच्या घराकडे निघून गेले.

अगाथा दारात बघतच राहिली. आग्रह नाही, दुसऱ्यांदा विचारणं नाही, काही नाही. "बघा ना," ती आत वळून याकोबला म्हणाली, "इतक्या लगेच पटलं त्यांना!" याकोब इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि त्याच्या पाठीवर थोपटता थोपटता तीही हसायला लागली.

म्हणून मोठ्यांनो आणि छोट्यांनो, एवढं लक्षात ठेवा: येतं ते 'येतं' म्हणून सगळ्यांसाठी करावं आणि येत नाही ते 'येत नाही' म्हणून सोडावं, नम्रता म्हणतात ती एवढीच.